हँडेलची निसटलेली सपात

कोपऱ्यातला पंखा | शुक्रवार, रात्री १०:५०

आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे हे सगळं का लिहितोय ते कळेल.

आमचा छोटा प्रेसचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका गायनवृंदाचं काम आलं. नाताळच्या कार्यक्रमाचं आठ पानी पत्रक, चारशे प्रती. कार्यक्रमात मुख्य होतं ते हँडेल ह्या जुन्या संगीतकाराच्या 'मसाया' ह्या धार्मिक गानरचनेतले निवडक भाग. मुखपृष्ठावर हँडेलचा फोटो टाका म्हणाले. १७५९ साली गेलेल्या माणसाचा फोटो कुठून आणणार, चित्रच शोधायचं. शोधलं. पांढरा विग, दुहेरी हनुवटी, हातात स्वरलिपीचा कागद, नजर अशी की उधारी मागायला आलाय. झकास. लावलं. प्रूफ त्यांच्या दोघांनी पाहिलं, सही केली. छापलं, घडी घातली, पिना मारल्या, पोचवलं.

मध्यंतरात एक म्हातारे पारशी गृहस्थ पत्रक हातात घेऊन माझ्यापाशी आले. "डिकरा, बाख मस्त छापलास."

"कोण?"

"बाख. हँडेल बिचारा घरी राहिला."

सभागृहात साडेतीनशे माणसं होती. गाणारे चाळीस वेगळे. लक्षात आलं ते ह्या एकट्याच्या. मी काउंटरमागे लपलो आणि त्या रात्री घरी जाऊन हँडेलचे खरे चेहरे बघत बसलो. तो नाद अजून सुटलेला नाही.

चूक समजण्यासारखी होती असं मी स्वतःला समजावतो. दोघंही १६८५ चे, महिन्याभराच्या अंतराने जन्मलेले, दोघंही जर्मन संगीतकार, दोघंही विगवाले, दोघंही खात्यापित्या घरचे दिसणारे. पण एक मोठा फरक आहे. बाख लाइपझिगमध्ये नोकरी करत राहिला, आणि खात्रीने त्याचा म्हणता येईल असा चेहरा एकाच चित्रकाराच्या हातचा आहे. हँडेल गेला लंडनला. तिथं चित्रकार, शिल्पकार, नक्कल काढणारे, पैसे टाकून चित्रं करून घेणारे सगळे एकाच गावात. त्यामुळे त्याचे चेहरे भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांशी भांडतात.

माझा सगळ्यात आवडता आधी सांगतो.

साल १७३८. टेम्सच्या दक्षिणेला व्हॉक्सहॉल गार्डन्स नावाची बाग होती. तिकीट एक शिलिंग. संध्याकाळी दिवे लागायचे, लोक फिरायचे, जेवायचे, भेटीगाठी करायचे (नको त्याही), आणि वाद्यवृंद वाजत असायचा. त्यात हँडेल भरपूर. बागेचा मालक जोनाथन टायर्स. त्याने ठरवलं की ज्याच्या संगीतावर आपला गल्ला भरतो त्याचा पुतळा बागेत बसवायचा. काम दिलं लुई फ्रान्स्वा रुबिल्याक नावाच्या फ्रेंच शिल्पकाराला. लंडनमध्ये त्याला तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं, ह्या पुतळ्यानंतर सगळे ओळखायला लागले.

हे किती अजब होतं ते बघा. अख्खा संगमरवरी पुतळा म्हणजे राजा, सेनापती, नाहीतर कधीच मेलेला थोर कवी. इथं माणूस जिवंत, वय त्रेपन्न, आणि धंदा वाजवण्याचा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या मोठ्या चर्चमध्ये शेक्सपिअरचं स्मारकसुद्धा बसलं ते १७४१ साली, म्हणजे ह्याच्यानंतर.

आणि बसवलाय कसा? विग नाही. डोक्यावर घरात घालायची मऊ टोपी. अंगात सैल झगा, सदऱ्याची बटणं उघडी, मांडीवर मांडी, कोपर जाड पुस्तकांच्या ढिगावर टेकलेलं. पायात सपाता, आणि त्यातली एक निसटलेली. जेवण झाल्यावर ओट्यावर बसलेले आजोबा जसे पाय हलवता हलवता चप्पल सोडून देतात, तशी. हातात मात्र हार्मोनियम-बिर्मोनियम काही नाही, थेट अपोलो देवाची वीणा, तिच्यावर सूर्याचं तोंड कोरलेलं. पायाशी एक नागडं पोर बसलंय आणि वर जे वाजतंय ते उतरवून घेतंय.

वर देव, खाली सपात.

ह्या पुतळ्याकडे बघताना एक गोष्ट माहीत असावी. एप्रिल १७३७ मध्ये हँडेलला झटका आला होता. उजवा हात निकामी झाला. लोकांनी धरून चाललं की माणूस संपला. तो आखेनच्या गरम पाण्याच्या कुंडांवर उपचाराला गेला आणि बरा होऊन परत आला. म्हणजे पुतळा घडत होता तेव्हा ती बातमी ताजी होती, आणि संगमरवरात तोच माणूस आरामात तारा छेडत बसलाय. टायर्सच्या गिऱ्हाइकांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसरं टोक म्हणजे डुक्कर. हो, डुक्कर.

जोसेफ गूपी हा चित्रकार. हँडेलच्या ऑपेरांसाठी ह्याने नेपथ्यं रंगवली होती, म्हणजे चांगली ऊठबस. किस्सा असा सांगतात की हँडेलने त्याला जेवायला बोलावलं, आणि "सध्या हात आखडता आहे, साधंच जेवण आहे, राग मानू नकोस" म्हणून अगदी बेताचं वाढलं. जेवण झाल्यावर हँडेल "आलोच" म्हणून आत गेला तो येईचना. गूपीने खिडकीतून पाहिलं तर यजमान शेजारच्या खोलीत एकटेच उत्तम पदार्थ आणि वाइन हाणत बसलेले. किस्सा खरा की पाठीमागून जोडलेला, देव जाणे. चित्र मात्र आहे. विग घातलेलं, सुळेवालं डुकराचं तोंड, बसलंय दारूच्या पिंपावर, वाजवतंय ऑर्गन, आणि ऑर्गनला हॅम आणि कोंबड्या टांगलेल्या. शेजारी गाढव रेकतंय. १७५४ साली ह्याचं छापील चित्र निघालं, नाव 'मोहक जनावर' अशा अर्थाचं. म्हणजे शिवी देतानाही 'मोहक' म्हणावंच लागलं.

तिसरा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि खरं तर मी छापायला हवा होता तो. थॉमस हडसन, १७५६. आठेक फुटी चित्र. 'मसाया'चे शब्द जुळवून देणाऱ्या चार्ल्स जेनन्सने करून घेतलं. पांढरा विग, करड्या कोटावर सोनेरी कशिदा, काठी, तलवार, शेजारी मेजावर 'मसाया'ची स्वरलिपी. एखाद्या संस्थानाचा दिवाण वाटतो. पण हँडेल तेव्हा काही वर्षं आंधळा होता. ती स्वरलिपी त्याला दिसत नव्हती. नजर कुठंतरी बाजूला गेलीय. चित्रकाराने हे लपवलंय की दाखवलंय हे मला अजून कळलेलं नाही, पण ते कळल्यापासून त्या कशिद्याकडे माझं लक्षच जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण छापतो, भिंतीवर लावतो तो हा तिसरा. पण ज्या काळात तो रोज लोकांना भेटत होता, भांडत होता, जेवत होता, तेव्हाच्या लोकांच्या डोळ्यांपुढचा हँडेल पहिल्या दोघांत जास्त सापडतो. सपात आणि डुक्कर. बोला.

---

आगरबोट | शुक्रवार, रात्री ११:२०

हँडेल आणि टायर्स. सायकल पूर्ण झाली. आता घंटीवाला कोण ते सांगा.

(लेख मस्त. वाचनखूण साठवली. पण चारशे प्रतींचे पैसे मिळाले का?)

---

कोपऱ्यातला पंखा | शुक्रवार, रात्री ११:३१

मिळाले. ते पारशी आजोबा कुणाला बोलले नाहीत. दर दिवाळीला मी त्यांना कॅलेंडर पाठवतो, त्यावर कुणाचाही चेहरा नसतो.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ८:०५

लेख आवडला, मुद्दा नाही पटला.

तुम्ही सपातीला 'खरा माणूस' समजताय. तीही वेशभूषाच आहे हो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात बुद्धिमान माणूस दाखवायचा तर विग काढायचा, भादरलेल्या डोक्यावर टोपी चढवायची, अंगात सैल झगा घालायचा, हा ठरलेला साचा होता. कवी, वैद्य, शास्त्रज्ञ, सगळे असेच काढून घेत. अर्थ असा की हा माणूस विचारात इतका बुडालाय की कपड्यांचं भान नाही. आता तो निवांतपणा दाखवायला शिल्पकारापुढे किती तास बसावं लागलं असेल ते मोजा.

आणि त्या झग्याचं नाव काय माहितीये? 'बन्यान'. सुरतेकडचा वाणी, म्हणजे गुजराती वाणियो, त्याचं पोर्तुगीजांनी केलं 'बनियान', तिथून इंग्रजीत. व्यापाऱ्याचं नाव कपड्याला चिकटलं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी पुढे तेच नाव आतल्या कापडाला दिलं, आणि ते फिरून आपल्या दोरीवर वाळत पडलं. थोडक्यात, युरोपातला महान संगीतकार बनियनवर बसलाय.

त्यात टायर्स व्यापारी. बागेत दरबारी हँडेल उभा केला असता तर शिलिंग देऊन आलेली माणसं बिचकली असती. सैल कपड्यातला हँडेल म्हणतोय, या, बसा, तुम्हीही बटणं सोडा. ही जाहिरात आहे. पहिल्या दर्जाची, पण जाहिरात.

---

कोपऱ्यातला पंखा | शनिवार, सकाळी ९:४०

बनियन! हे माहीत नव्हतं. सकाळी सकाळी चहा नाकातून आला.

साच्याचं मान्य. जाहिरातीचंही मान्य, माझं पोट त्यावरच चालतं. पण साच्यात टोपी बसते, झगा बसतो. एक सपात निसटलेली असणं साच्यात बसत नाही. ती कुणीतरी बघितलेली आहे. दगडातून पाय मोकळा काढायचा, त्याखाली सपात वेगळी ठेवायची, हे वाढीव काम आहे आणि ते रुबिल्याकला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ९:५२

"कुणीतरी बघितलेली आहे" हा पुरावा नव्हे, तुमची इच्छा आहे. पण असो, इच्छा चांगली आहे.

---

धोंडूमामी | शनिवार, दुपारी २:१५

आमच्या लहानपणी वडिलांच्या कपाटात मुलांसाठीच्या इंग्रजी ज्ञानकोशाचे जाडे खंड होते. त्यात एक चित्र होतं, मला ते चांगलं आठवतंय कारण त्याची मला भीती वाटायची. माळ्यावर अंधार, एक गोरा मुलगा रात्रीच्या कपड्यात छोट्या पेटीसारख्या वाद्यापुढे बसलेला, आणि दारातून घरची मंडळी कंदील घेऊन आत येतायत. मला वाटायचं आता ह्याला मार बसणार. खाली लिहिलं होतं 'बाल हँडेल'. हे खरंच झालं होतं का?

---

पेटीमास्तर | शनिवार, दुपारी ३:३०

मामी, ते मार्गारेट डिक्सीचं चित्र, १८९३ चं. म्हणजे हँडेल जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावर काढलेलं. मुळात गोष्ट आहे ती जॉन मेनवेअरिंगने १७६० साली लिहिलेल्या चरित्रातली. वडील न्हावी-शल्यवैद्य, मुलाने वकील व्हावं ही इच्छा, वाद्याला हात लावायला बंदी. म्हणून घराच्या अगदी वरच्या खोलीत एक छोटं क्लॅव्हिकॉर्ड गुपचूप नेऊन ठेवलं, आणि सगळे झोपल्यावर पोरगं वाजवायचं. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका बारीक असतो की शेजारच्या खोलीतही नीट पोचत नाही, त्यामुळे गोष्ट अगदीच अशक्य नाही. पण पकडायला येणारी वरात, कंदील, दचकलेलं पोर, हा चित्रकर्तीचा मसाला. आवाजच न होणारं वाद्य वाजवताना पकडलं गेलं कसं, हे व्हिक्टोरियन लोकांनी विचारलं नाही.

त्याच जातीचं दुसरं चित्र एदुआर आमान ह्या बेल्जियन चित्रकाराचं. राजा पहिला जॉर्ज नावेत बसलाय, हँडेल शेजारी उभा राहून ऐटीत हात करून पलीकडच्या नावेतले वादक दाखवतोय. हँडेलच्या 'वॉटर म्युझिक'च्या निम्म्या सीडींवर हेच असतं. जलविहार खराच झाला, १७ जुलै १७१७ ला. तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलंय की दुसऱ्या नावेत पन्नास वाद्यं होती आणि राजाला इतकं आवडलं की जाता-येता मिळून तीनदा वाजवायला लावलं. आता तासाभराचं संगीत तीनदा वाजायचं असताना संगीतकार राजाच्या शेजारी उभा राहून गप्पा मारेल का वादकांच्या नावेत घाम पुसत असेल? वाजवणाऱ्याला विचारा.

आणि "राजा रुसला होता, ह्या संगीताने रुसवा गेला" ही जी गोष्ट त्या चित्राबरोबर फिरते ती तर सोडूनच द्या. राजाने गादीवर आल्यावर हँडेलचं मानधन चालूच ठेवलं होतं, उलट वाढवलं.

---

धोंडूमामी | शनिवार, दुपारी ३:४८

म्हणजे मार बसला नाही. पन्नास वर्षांनी बरं वाटलं.

---

मांडवीकार | शनिवार, संध्याकाळी ७:१०

आमच्या पणजीकडच्या वृंदात मी बेस गातो. सरावाच्या खोलीत हडसनचाच हँडेल लावलाय, पिवळा पडलेला, काचेच्या आत पावसाचं पाणी शिरून विगवर बुरशी आलीय. 'मसाया'तल्या 'हालेलुया'ला सगळे उभे राहतात तेव्हा तो आमच्यावर डोळे वटारून असतो. आंधळा होता हे आज कळलं. इतकी वर्षं मी उगाच घाबरून नीट गात होतो.

डुकराचं चित्र शेजारी लावायचं सुचवतो. आमच्याकडे डुकराचं सोर्पोतेल आवडणारे बरेच आहेत, कुणी वाईट वाटून घेणार नाही.

---

गोमकाला | शनिवार, रात्री ९:००

आपल्याकडे इतके थोर गवई होऊन गेले, त्यांच्या चित्रांवर कुणी लिहीत नाही. गोऱ्यांच्या सपातांवर मात्र धागे.

---

कोपऱ्यातला पंखा | शनिवार, रात्री ९:०४

काढा तो धागा, पहिला प्रतिसाद माझा. खरंच सांगतोय, टोमणा नाही.

---

टेम्सकाठची ताई | रविवार, रात्री १२:४०

भारतातली वेळ दाखवतंय. इथं संध्याकाळ. तुमचा धागा काल वाचला आणि आज दोन्ही ठिकाणी जाऊन आले.

आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. पुतळा १९६५ पासून तिथं आहे. माझी पहिली प्रतिक्रिया: अरे, एवढाच? बसलेला असला तरी साधारण १३५ सेंटिमीटर उंची, मला वाटलं होतं डोंगराएवढा असेल. पण ते बरंच आहे, कारण सगळं नजरेच्या टप्प्यात येतं. टोपीची चुणी बोटाने सरळ करावीशी वाटते. झग्याच्या घड्या खाली येता येता इतक्या जड होतात की कापड ओलं असल्यासारखं वाटतं. कोपराखालच्या पुस्तकांवर नावं कोरली आहेत, 'अलेक्झांडर्स फीस्ट' वाचता आलं. आणि ते पोर कागद कशावर ठेवून लिहितंय माहितीये? व्हायोल ह्या जुन्या तंतुवाद्याच्या पाठीवर! वाद्य उलटं करून त्याची पाटी केलीय. पंखाभाऊ, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

सपातीपाशी मी बराच वेळ उभी होते. शंकासुर, तुमचं म्हणणं डोक्यात होतं. साचा असेल. पण पाय सैल आहे. मुद्दाम निवांत बसलेल्या माणसाचा चेहरा निवांत दिसतो, पाय नाही दिसत. मान किंचित कललेली आहे, स्वतःच छेडलेली तार नीट लागलीय का ते ऐकतोय. त्या नादात पायाकडे लक्ष नाही, एवढंच.

आता ॲबी. दक्षिणेकडच्या बाजूला, जिथं कवी-लेखकांची स्मारकं आहेत, तिथं वर भिंतीत हँडेल उभा आहे. हाही रुबिल्याकचाच, आणि जवळजवळ शेवटचा. जानेवारी १७६२ मध्ये शिल्पकार गेला आणि त्याच वर्षी जुलैत स्मारक उघडलं. चोवीस वर्षांपूर्वी ज्याने सपात कोरली त्याच माणसाने हा केलाय हे डोळ्यांनी बघूनही पटत नाही. मागे ऑर्गन, वर ढगात वीणा वाजवणारा देवदूत, आणि हँडेलच्या हाताशी 'मसाया'तलं 'माझा तारणहार जिवंत आहे हे मी जाणतो' ह्या गाण्याचं पान. चेहरा मेल्यानंतर घेतलेल्या साच्यावरून केलाय. बूट घट्ट. सपातीला जागा नाही.

ह्या स्मारकाची सोय त्याने स्वतःच केली होती. मरायच्या तीन दिवस आधी मृत्युपत्राला जोड देऊन सहाशे पौंडांपर्यंत खर्च करायची परवानगी लिहून ठेवली. म्हणजे टायर्सच्या खर्चाने झाला तो सपातीतला, स्वतःच्या खर्चाने झाला तो देवदूतवाला. ह्यावर तुम्हीच बोला, मी थकलेय.

आणि हो, त्यावर जन्मसाल चुकीचं आहे! १६८४ कोरलंय.

---

पेटीमास्तर | रविवार, सकाळी ७:२०

ताई, तुमचे पाय धरावेसे वाटतायत, सपातीसकट.

१६८४ म्हणजे तशी चूक नाही. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे २३ फेब्रुवारी हा इंग्रजी हिशोबात अजून आदल्याच वर्षात, आणि जर्मनीतलं १६८५ तिकडच्या जुन्या मोजणीने १६८४. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या आधी जन्मलेल्याचं शक कुठलं ह्यावर जशी पत्रिका बघताना वादावादी होते, तोच प्रकार, फक्त संगमरवरात.

---

कोपऱ्यातला पंखा | रविवार, सकाळी १०:१५

टेम्सकाठची ताई, साष्टांग. व्हायोलची पाटी माझ्या नजरेतून सुटली होती. आता मोठं करून पाहिलं, खरंच.

तुमच्या सहाशे पौंडांनी मात्र माझा मुद्दा मोडला. मी समजत होतो की मागाहूनच्या लोकांनी हँडेलला विग चढवून भिंतीवर टांगला. पण हे तर त्याला स्वतःलाच हवं होतं. न्हाव्याच्या पोराला ॲबीत उभं राहायचं होतं, देवदूतासकट, आणि त्याने त्याचे पैसे मोजून ठेवले होते. मग सपात कुणाला हवी होती? टायर्सला. रुबिल्याकला. आणि तीनशे वर्षांनी मला.

---

शंकासुर | रविवार, सकाळी १०:३०

हेच मी काल म्हणत होतो, पण ताई तिकीट काढून गेल्या म्हणून त्यांचं पटलं.

आता तुमच्या बाजूने एक देतो. हॉगार्थ ह्या इंग्रज चित्रकाराची 'रेक्स प्रोग्रेस' मालिका, १७३५ ची. वडिलांचा पैसा उडवणाऱ्या पोराची गोष्ट. दुसऱ्या चित्रात त्याच्याभोवती सगळे लुटारू जमलेत, नाचाचा मास्तर, तलवारीचा मास्तर, आणि डावीकडे हार्प्सिकॉर्ड ह्या पियानोसारख्या वाद्यावर पाठमोरा एक वादक. त्याच्या खुर्चीच्या पाठीवरून लांबच लांब कागद खाली लोळतोय. त्यावर यादी आहे, फारिनेल्ली ह्या इटालियन गवयाला लंडनच्या बड्या लोकांनी काय काय भेटी दिल्या त्याची. फारिनेल्ली म्हणजे हँडेलच्या विरोधातल्या ऑपेरा कंपनीचा हुकमी एक्का. काही लोक म्हणतात तो पाठमोरा वादक हँडेल, काही म्हणतात पोर्पोरा, म्हणजे फारिनेल्लीचा गुरू. मला दुसरं बरोबर वाटतं, कारण स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याच्या नजराण्यांची यादी कोण खुर्चीला लावून बसेल? पण बघा, चेहरा दिसत नाही तरी लोकांना तिथं हँडेलच हवा असतो.

---

मांडवीकार | रविवार, दुपारी १:००

त्याच्या जन्मगावीपण पुतळा आहे ना? आमचा एक टेनर हालेला जाऊन आला, सेल्फी दाखवत होता.

---

पेटीमास्तर | रविवार, दुपारी १:२५

आहे. हालेच्या बाजारचौकात, हर्मान हायडेलने केलेला, ब्राँझचा, उंच चौथऱ्यावर, पूर्ण पोशाखात. मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, १८५९ साली बसवला. गाववाले सांगतात की तो इंग्लंडच्या दिशेने बघतो.

त्याच १८५९ साली व्हॉक्सहॉलची बाग कायमची बंद पडली. मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो, साल बघताना सापडलं.

---

आगरबोट | रविवार, रात्री ८:४५

एवढं वाचलं, आता ऐकतो म्हणतो. 'हालेलुया' सोडून सांगा, ते मोबाइलच्या रिंगटोनने वाया घालवलं. सपातीतल्या हँडेलचं काहीतरी द्या.

---

कोपऱ्यातला पंखा | रविवार, रात्री ९:१०

'सेर्से' ह्या ऑपेराची सुरुवात ऐका. 'ओम्ब्रा माइ फू'. तीनेक मिनिटांचं आहे. इराणचा सम्राट, ज्याच्या सैन्याला जग घाबरतं, तो बागेत उभा राहून एका झाडासाठी प्रेमगीत गातो. चिनाराची सावली. राणी नाही, दासी नाही, झाड. चाल इतकी संथ आणि गंभीर की लोक ती लग्नात आणि अंत्यविधीला वाजवतात, शब्द न बघता.

पहिला प्रयोग १५ एप्रिल १७३८, लंडन. ज्या वसंतात टायर्सने झाडीत पुतळा बसवला तोच.

---

आगरबोट | रविवार, रात्री ९:३२

ऐकलं. पुन्हा लावलंय. चालला का मग तो ऑपेरा?

---

कोपऱ्यातला पंखा | रविवार, रात्री ९:३४

पाच प्रयोग. पडला.